काळजीची रजा

म्हातारी पडली ती स्वतःच्याच बटाट्याच्या सरीत. "जिला मी हातानं माती लावली तिनंच मला आडवं केलं," असं ती दवाखान्यात येईल त्याला सांगायची आणि त्या सरीला अशा काही शिव्या घालायची, की शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून हसायची आणि टाके ताणले म्हणून लगेच रडायची. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आत सळई बसवली, वरून शिवलं आणि घरी पाठवताना म्हणाले, "आता हिला चोवीस तास माणूस लागेल."

माणूस आणायचं कुठून? घरात मुलगा होता. त्याला सगळे घुम्या म्हणायचे, कारण तो बोलायचा कमी आणि बोलला तरी गाईशी. नात चिमणी, जेमतेम शाळेत जाणारी. आणि सून नर्स, तीही परदेशात, जिथं इथली दुपार म्हणजे तिकडची पहाट.

सुनेचा फोन आला. "आई, मी येते."

"येऊन काय करशील? पगार बुडेल."

"नाही बुडत. घरचं माणूस अंथरुणावर असलं की इथलं सरकार काळजीची रजा देतं. पगारासकट."

"काम न करता पगार?"

"काम करूनच. तुमचं."

म्हातारीला ते खरं वाटलं नाही, पण सून आली. बॅग ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि चहा घ्यायच्या आधी म्हातारीचं पांघरूण वर करून तिच्या टाचा बघितल्या.

"टाचा कशाला बघतेस? मोडलाय खुबा."

"पडून राहिलेल्या माणसाची कातडी आधी टाचेला जाते," सून म्हणाली. तिनं पायाखाली उशी सरकवली. टाचा उशीच्या कडेबाहेर अधांतरी राहिल्या. म्हातारीला एकदम सुटल्यासारखं वाटलं, पण तसं ती बोलली नाही.

पहिली आंघोळ म्हातारीला जड गेली. मुलगा शेतात, चिमणी शाळेत, दार लावलेलं. सुनेनं कोमट पाण्याची बादली आणली आणि एकेक अंग उघडं करून, पुसून, झाकून पुढं सरकली. "हात छातीवर घ्या. हा गुडघा दुमडा. आता माझ्याकडं." एक हात खांद्याला, एक कंबरेखाली, आणि म्हातारी कुशीवर झाली कधी ते तिला कळलंही नाही. मग सुनेनं मागचं सगळं धुतलं, कोरडं केलं, पावडर लावली.

भिंतीकडं तोंड करून पडल्यापडल्या म्हातारीला आपलंच बोलणं आठवत होतं. सून पहिल्यांदा निघाली, तेव्हा चिमणी कडेवरची होती. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारी म्हणाली होती, "घरची गाय शेणात बसलीय, आणि ही निघाली परक्यांचे कुल्ले धुवायला!"

ते सुनेला आठवत असणारच. म्हातारी वाट बघत राहिली, की आता ही टोमणा मारेल. सून फक्त म्हणाली, "पाणी गार झालं का?"

"नाही," म्हातारी भिंतीला म्हणाली. "चांगलं आहे."

रजेची अट एकच होती, आणि ती सुनेनं सगळ्यांना बसवून सांगितली होती. परदेशात काम करणाऱ्यांसाठी शहरात सरकारी कार्यालय होतं. तिथली तपासनीस बाई अधूनमधून येऊन बघणार. पेशंटला दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालता येत नाही असं ती लिहील तोवर रजा. चालता येतं असं लिहिलं की रजा संपली, तिकीट आलं. आणि तिनं लिहिण्याआधी सुनेनंच रजा मोडली, तर रजेत घेतलेला सगळा पगार परत करायचा.

घुम्यानं मान हलवली. म्हातारीनं मात्र त्यातलं एवढंच धरलं, की आपण चाललो की ही गेली.

सून काही तिला पडू देणारी नव्हती. पहिल्याच आठवड्यात वॉकर आणून तिनं म्हातारीला उभं केलं. "वॉकर पुढं. मग दुखरा पाय. मग चांगला. खाली नका बघू, जमीन कुठं जात नाही. समोर बघा." म्हातारी एका हातानं वॉकर आणि दुसऱ्या हातानं सुनेचा दंड पकडून खाटेपासून चुलीपर्यंत जायची, हाशहुश करायची, सुनेच्या माहेरचा उद्धार करायची. सून हसायची. "वॉर्डात एक आजोबा आहेत. ते तर चावतात."

"मग तू काय करतेस?"

"त्यांची कवळी आधी काढून ठेवते."

म्हातारी इतकी हसली की खुबा कळवळला.

हळूहळू पायात जोर येत होता हे तिला आतून कळायचं. सकाळी पाय खाटेखाली सोडला की तो आता ओंडक्यासारखा लोंबत नव्हता. पण सुनेनं "आज एकट्यानं बघूया का?" म्हटलं, की म्हातारीचा गुडघा कसा कोण जाणे, तिथंच लटपटायचा.

तपासनीस बाई आली ती ऐन उन्हात. गोल चेहऱ्याची, घामाघूम, हातात जाडजूड पिशवी. पाणी प्यायली, रजेचे दोन नियम सांगितले आणि म्हणाली, "आजी, उठा बरं. सुनेचा हात नको. एकट्यानं."

म्हातारी उठली. वॉकर पकडला. दाराकडं एकवार बघितलं. दारापलीकडं अंगणात चिमणीचा फ्रॉक वाळत होता आणि शेजारी सुनेचा ओला टॉवेल. तिनं पाय उचलला आणि "आई गं!" म्हणून अशी किंकाळी फोडली, की गोठ्यातली गाय उभी राहिली. मग ती खाटेवर मागं कोसळली. अगदी उशीवर डोकं येईल अशा बेतानं.

सून धावली. तिनं नाडी बघितली, पाय चाचपला आणि म्हातारीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"राहू दे, राहू दे," तपासनीस बाई म्हणाली. "थंडी पडेपर्यंत रजा वाढवते."

बाई गेल्यावर म्हातारीनं डोळे मिटूनच विचारलं, "थंडीपर्यंत म्हणाली ना?"

"हो," सून म्हणाली. "थंडीपर्यंत."

आणि ती गाईला पाणी दाखवायला गेली.

बटाट्याचा पाला पिवळा पडला. घुम्यानं तो कापून टाकला आणि बटाटे मातीत साल धरायला सोडले. रोज एखादा उकरून तो आईकडं आणायचा. म्हातारी अंगठ्यानं साल घासून बघायची. सुटली की म्हणायची, "अजून नाही." घुम्या तो बटाटा खिशात घालून परत जायचा. शेवटी एके दिवशी साल चिकटून राहिली. "काढा," म्हातारी म्हणाली.

मजूर मिळत नव्हते. जो तो आपापल्या काढणीत. घुम्या कुदळीनं सरी फोडायचा आणि सून मागून वेचत जायची. तिचे हात रोज साबणानं आणि औषधी पाण्यानं धुऊन मऊ झालेले. पहिल्याच दिवशी तळव्यांना फोड आले. तिनं ते सुईनं फोडले, पट्ट्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरीत बसली. दर दोन तासांनी बांधावरून घरी यायची, म्हातारीची कूस बदलायची, पाणी पाजायची, परत जायची.

मधल्या वेळात म्हातारी चालायची.

आधी खाटेभोवती. मग चुलीपर्यंत. मग वॉकर घेऊन मागच्या दारानं गोठ्यात. गाय मान वळवून बघायची, आणि म्हातारी तिला म्हणायची, "कुणाला सांगशील तर बघ." पावलं वाजली, की ती वॉकर जागच्या जागी ठेवून खाटेवर आडवी व्हायची. धाप लपवायला तोंडावर पांघरूण. चोरून चालण्यात तिला पोरीबाळींसारखी मजा येत होती. वर वाटायचं, आपण केवढं घर सांभाळतोय. सून घरात, पगार चालू, चिमणी आईच्या कुशीत. कुणाचं काय वाईट झालं?

एक दिवस सून फोन खिडकीत चार्जिंगला लावून गेली. फोन वाजला. थांबला. परत वाजला. थांबेचना. म्हातारीला वाटलं, काहीतरी झालं असेल. ती उठली, वॉकरही न घेता भिंतीला हात लावत खिडकीपाशी गेली आणि चिमणीनं शिकवलं होतं तसं हिरव्या खुणेवर बोट फिरवलं.

पडद्यावर एक मुलगी. अंगात निळा गणवेश, केसांवर टोपी. सुनेची वॉर्डातली मैत्रीण. मागं एकदा तिनं फोनवर म्हातारीला नमस्कार केला होता.

"अय्या! आजी, तुम्ही उभ्या?"

म्हातारी चपापली. "नाही. म्हणजे… भिंतीला टेकलेय."

"पण खाट तर तुमच्या मागं तिकडं लांब दिसतेय!" मुलगी आनंदानं ओरडली. "म्हणजे बऱ्या झालात! मग ती निघतेय ना? परीक्षेला नाव द्यायची मुदत संपत आलीय. मेसेज केले तर उत्तर देत नाही बया."

"कसली परीक्षा?"

मुलगी जरा हळू म्हणाली, "सांगितलं नाही होय तिनं? आजी, इथं ती कागदावर नर्स नाही. मदतनीस आहे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. आपला कोर्स इथं धरत नाहीत. इंजेक्शनं देते, रात्रपाळीला वॉर्ड सांभाळते, काम सगळं नर्सचं आणि पगार मदतनिसाचा. परीक्षा दिली की मग नर्स. ती दोनदा बसली आणि भाषेत थोडक्यात राहिली. तिसरी संधी शेवटची असते. आणि रजेवर असलेल्याला बसूच देत नाहीत."

म्हातारीनं खिडकीचा गज पकडला. "आणि पास झाली तर?"

"पगार जवळपास दुप्पट! मुलीचा भत्ता. मूल दुसऱ्या देशात राहत असलं तरी मिळतो, पण नर्सलाच, मदतनिसाला नाही. आणि दरवर्षी सहा आठवडे घरी. तिकीट सरकारचं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. आत्ता कशी, तीन वर्षांतून एकदा येते बिचारी, तेही स्वतःच्या पैशानं. आजी, मला ड्यूटी आहे, ठेवते. पण तुम्ही काय झ्याक उभ्या राहिलात हो!"

पडदा काळा झाला. त्यात म्हातारीला स्वतःचं तोंड दिसलं. तिला ते अजिबात आवडलं नाही.

दुपारी सून आली. केसांत माती, पट्ट्या मळलेल्या. बादली घेऊन ती म्हातारीचे पाय पुसायला बसली. म्हातारी बराच वेळ तिच्या बोटांकडं बघत होती.

"परीक्षा कधी आहे?"

सुनेचा हात थांबला. मग तिनं फडका पिळला आणि परत पुसायला लागली.

"तुम्ही कधीपासून चालताय, आई?"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आधी हसू फुटलं ते म्हातारीला.

"तुला कुणी सांगितलं? गाईनं?"

"तुमच्या पोटरीनं." सुनेनं दोन्ही पोटऱ्या दोन हातांत धरल्या. "मी रोज धुते ना. नुसत्या पडून राहिलेल्या पायाची पोटरी अशी भरत नाही. त्यातून वॉकरच्या रबरांना शेण."

"आणि तू गप्प बसलीस?"

बाहेर अंगणात चिमणी बटाट्यांची शाळा भरवून त्यांना ओरडत होती.

"मी आले तेव्हा ती सकाळी फणी घेऊन तुमच्या खाटेशी जायची," सून म्हणाली. "तुमचा हात पोचायचा नाही, तरी तुमच्याकडंच. मी बोलावलं तर लाजायची. आता माझ्याकडं येते. झोपेतून उठते आणि डोळे न उघडता माझ्या पुढ्यात येऊन बसते." तिनं फडका परत पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं. "मला वाटलं, राहिली परीक्षा तर राहिली."

म्हातारीनं पाय आखडून घेतला. मोडलेला. आपला आपण.

"ऊठ," ती म्हणाली. "त्या तपासनीस बाईचा नंबर लावून दे."

"आई…"

"वेणी मी घालीन. आता बसून हात पोचतो माझा. तू वर्षाकाठी सहा आठवडे घालशील. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या आईला पोर दरवेळी नव्यानं लाजणार, त्यापेक्षा हे बरं. लाव नंबर."

फोन कार्यालयातल्या कारकुनानं उचलला.

"मी चालते," म्हातारी ओरडली.

"कोण बोलतंय?"

"पेशंट!"

"आजी, पेशंट चालत नाही असे फोन रोज येतात. चालते म्हणून पेशंटनंच केलेला पहिलाच."

बाईला यायला आठवडा लागला. तोवर घरात उघड कवायत चालली. सून एक बोलायची, म्हातारी दोन ऐकवायची. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वॉकर सुटला, हातात काठी आली. चिमणी पुढं उलटी चालत "समोर बघा आजी, जमीन कुठं जात नाही!" असं आईच्याच सुरात ओरडायची. परीक्षेला नाव देण्याची मुदत उरली होती ती पुढच्या सोमवारपर्यंत, आणि बाई आली शुक्रवारी.

नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलेलं. सळई अशा हवेत ठणकायची. म्हातारी नवं लुगडं नेसून उठली आणि पहिल्याच पावलाला तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं ते चटकन सरळ केलं, पण बाईनं बघितलं.

"तुम्ही दोघं जरा बाहेर जा," बाई घुम्याला आणि सुनेला म्हणाली. दार ओढून घेऊन ती खाटेच्या कडेला बसली. "आजी, घाबरू नका. घरच्यांनी जबरदस्ती केलीय का उभं राहायला? बघितलंय मी असं. कमावतं माणूस परत जावं म्हणून आजाऱ्याला औषधं देऊन उभं करतात."

"पगार तर रजेतही चालू आहे, बाई. मग जबरदस्ती कशाला करतील?"

बाईला ते पटलं. पण शंका गेली नाही. "मग घाई कसली? परवा-परवापर्यंत तुम्हाला पाय टेकवत नव्हता. दुखतंय अजून, दिसतंय मला. थंडीपर्यंत रजा आहे, राहू दे की सुनेला. मी 'चालत नाही' लिहिते."

आता आली पंचाईत. ज्यासाठी म्हातारी इतके दिवस पोटरी लपवून पडली होती, तेच ही भली बाई ताटात वाढून देत होती.

"दुखतं," म्हातारी म्हणाली. "दुखणारच. पण दुखणं वेगळं आणि न चालणं वेगळं. चल माझ्याबरोबर."

"दारापर्यंत पुरे."

"दारापर्यंत घरातली मांजरसुद्धा जाते. रानात चल."

काठी घेऊन ती निघाली. पायऱ्या उतरली, दुखरा पाय आधी. अंगणातून बांधाकडं. बाई पिशवी सावरत मागं. बांधाखाली घुम्या आणि सून क्रेट भरत होते, ते उभे राहिले. सून एक पाऊल पुढं आली आणि थांबली. म्हातारीला तिचे दोन्ही हात दिसले, अंगाशी घट्ट धरलेले. वॉर्डात ती असेच धरत असेल. पडेपर्यंत पकडायचं नाही, आणि पडू तर द्यायचं नाही.

पुढं सऱ्या होत्या. फोडलेल्या, भुसभुशीत. ती मेली सरीही त्यातच होती. म्हातारीनं काठी रोवली, तिच्याकडं बघून एक शिवी घातली आणि आत उतरली.

मागून "अगं बाई!" ऐकू आलं. तपासनीस बाईची चप्पल मातीत रुतली होती आणि बाई एका पायावर, पिशवी हवेत, भोवऱ्यासारखी डुलत होती. म्हातारी वळली. काठी डाव्या हातात घेऊन तिनं उजवा हात पुढं केला.

"धर. अशी. खाली नको बघूस, जमीन कुठं जात नाही. समोर बघ."

बाईनं मुकाट्यानं समोर बघितलं. म्हातारीच्या दंडाला धरून तिनं ती सरी ओलांडली, मग पुढची, आणि क्रेटपाशी येऊन धापा टाकत उभी राहिली. चिमणी चप्पल घेऊन मागून आली.

"आता लिही," म्हातारी म्हणाली. "पेशंट चालते. आणि सरकारलाही हाताला धरून चालवते."

घुम्या हसला. मोठ्यानं. चिमणी त्याच्याकडं बघतच राहिली.

बाईनं पिशवीतून पेन काढलं, क्रेटवर बसून लिहिलं आणि जाताना म्हातारीच्या कानाशी वाकली. "एक सांगू, आजी? मागच्या वेळी तुमची 'आई गं' पाय टेकायच्या आधीच आली होती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मी दिसलं ते लिहिते. त्या दिवशी चाललेल्या दिसला नाहीत." बाईनं चप्पल झटकली. "आणि अंगणात फ्रॉक वाळत होता, तो मलाही दिसला होता."

सुनेनं त्याच दिवशी परीक्षेला नाव दिलं. तिकीट पुढच्याच आठवड्याचं आलं. निघायच्या दिवशी चिमणी डोळे मिटून आईपुढं बसली, वेणी घालून झाली, तरी उठेना. मग म्हातारीनं हाक मारली, "इकडं ये, ही एक बट सुटलीय." बट काही सुटलेली नव्हती, पण चिमणी आली.

अंगणात घुम्या बियाण्याचे बटाटे वेगळे काढत होता. अंड्याएवढे, डोळे चांगले असलेले. तो थांबला, घसा खाकरला आणि त्याच्या मानानं भलंमोठं भाषण केलं. "पुढची लावणी कधी करायची? म्हणजे काढणी हिच्या सहा आठवड्यांत यायला हवी ना?"

"अजून पास कुठं झालेय मी?" सून म्हणाली.

"नुसत्या हातानं माझी चोरी पकडलीस," म्हातारी म्हणाली. "पेपर काय चीज आहे?" मग ती मुलाकडं वळली. "रजा कधी मिळते ते हिला विचारून घे, आणि मागं मोजत ये. बटाट्याला काय, आपण लावू तेव्हा तो उगवतो."

घुम्यानं बियाण्याचा क्रेट उचलून सावलीत ठेवला. सुनेनं बॅग बंद केली, खाटेशी येऊन वाकली आणि पाया पडता पडता म्हातारीची पोटरी एकदा दाबून बघितली.

"भरलीय," ती म्हणाली.